सतराचा पाढा आणि दादाचा खांदा

...नाही नाही, मी चिडलेली नाहीये! आवाजच तसा आहे माझा. पण तुम्हीच सांगा, वीस वर्षं लोकांच्या आखडलेल्या खांद्याखाली हात घालून "सोडा... अजून सोडा... श्वास कुठे अडकलाय बघा" असं शिकवणाऱ्या बाईला कुणी येऊन म्हणालं, की उद्यापासून अर्ध्या लोकांना खोटा हात लावा, तर तिने काय करावं? टाळ्या वाजवाव्यात?

आता बोलावलं मीच होतं म्हणा. आमचे हे रोज जेवताना विचारायचे, "तुझ्या वर्गात लोक बरे होतात, की सतरंजीवर नुसते झोपतात? पुरावा काय?" पुरावा! घास तसाच ताटात टाकून उठायचे मी. म्हणून मी विद्यापीठात जाऊन एका संशोधक बाईंना गाठलं. घेतला पायावर धोंडा!

त्या आल्या. स्नायू किती ताणलेत ते मोजायला माणसांना तारा चिकटवल्या. म्हणाल्या, "दोन गट करू. एकाला खरं शिकवायचं, दुसऱ्याला शिकवल्यासारखं फक्त दिसलं पाहिजे." मी म्हटलं, अहो, हात लावल्यावर न शिकवायचं कसं? तर शांतपणे म्हणतात, "मनात सतराचा पाढा म्हणा. लक्ष पाढ्यात, हात खांद्यावर." सतराचा! शाळेत याच पाढ्यापायी छड्या खाल्ल्यात मी! पण मी चिडले नाही.

आता आमचा दादा. माझा सख्खा थोरला भाऊ, केशकर्तनालय आहे त्याचं. खांदा असा धरला की हात छातीच्या वर जाईना. गिऱ्हाईकाला म्हणायचा, "जरा घसरून बसा... अजून घसरा..." अर्धं गिऱ्हाईक खुर्चीखाली! लोक दुसरीकडे जायला लागले. मी बाईंना विचारलं, नातेवाईक चालतो का? म्हणाल्या, "खांदा चालत नाही ना? मग नातेवाईक चालेल." आणि गट पाडणाऱ्या संगणकाने त्याला टाकलं कुठे? खोट्या हातात! वर मला ताकीद, कुणाला सांगायचं नाही.

म्हणजे बघा, सख्खा भाऊ समोर आडवा, माझा हात त्याच्या खांद्याखाली, तिथे गाठ कुठे आहे ते मला कळतंय, आणि मी काय करतेय? सतरा सक्क... सतरा सक्क किती हो? तेवढ्यात दादा डोळे न उघडता म्हणाला, "अगं, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, का रे? "हात ठेवतेस, पण तू नसतेसच तिथे. रागावलीयस का माझ्यावर?"

काय सांगू त्याला? ताकीद होती ना! घरी येऊन भांडी अशी घासली की शेजारच्या काकू विचारायला आल्या. पण चिडले नव्हते मी!

दुसऱ्या दिवशी तडक बाईंकडे गेले. "माझा भाऊ मला परका समजायला लागलाय! घाला चुलीत तो पुरावा!" वाटलं, बाई वरमतील. कसलं काय! त्यांचे डोळेच चमकले. "त्याला कळलं? नुसत्या स्पर्शावरून? वा! पण मग ते आता प्रयोगात चालणार नाहीत. बाद." बाद! दादाला पाढ्यासकट सगळं सांगितलं, तर त्याचं तोंड एवढंसं झालं. "आधीच खांदा आखडलेला, त्यातही नापास?"

मी म्हटलं, झोप इथे. आता कुणाच्या बापाला घाबरत नाही, खरं शिकवते. घातला हात खांद्याखाली. दादा कळवळला, "अगं आई गं! हा हात आहे की फरशी? पाढेवाला बरा होता!" मग मात्र मला रडूच फुटलं. हात तसाच राहिला, मी रडतेय, दादा म्हणतोय, "रड, रड, आता बरं वाटतंय." आणि त्याचं कोपर सरकलं हो! हळूहळू थेट कानापर्यंत! परवा एका उंच माणसाला ताठ बसवून केस कापले त्याने.

धावत बाईंना सांगायला गेले. काय म्हणाल्या असतील? "छान. पण एक खांदा म्हणजे पुरावा नव्हे, किस्सा." किस्सा! माझा रक्ताचा भाऊ किस्सा? आणि सगळ्यात कहर म्हणजे खरं बोलत होत्या हो त्या! कारण खोट्या हातातलेही पाचसहा जण सुधारले होते. त्यांना काय सतराच्या पाढ्याने गुण आला?

आता त्यांनी नवा विषय काढलाय, शिकवणाऱ्याचा राग शिकणाऱ्याच्या खांद्यात उतरतो का. तारा मला लावणार. आज दुपारीच आहे. "येताना चिडून या," म्हणाल्यात. म्हणून म्हटलं, जाण्याआधी तुम्हाला पहिल्यापासून सगळं सांगावं, डोकं चांगलं तापेल... आणि बघा ना, बोलता बोलता सगळा राग उतरला. आता त्या बाईंना जाऊन काय दाखवू?