गवई सरांनी पल्लवीला नापास केलं तेव्हा

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. मला लांबण लावता येत नाही. शोकसभा असली, तरी गवई सरांबद्दल रडत बोललेलं सरांनाच आवडणार नाही. म्हणून घडलं तसं सांगते.

सर भूगोलाचे. मूळचे वलगावचे, इथे जठारपेठेत आमचे शेजारी. तीन वर्षांपूर्वी माझ्या पल्लवीला जपानमध्ये नोकरी लागली. मी म्हटलं, नाही. जिथे जमीन हलते तिथे माझी एकुलती मुलगी जाणार नाही. विषय संपला.

पल्लवी रडत सरांकडे गेली. संध्याकाळी सर हजर.

"ताई, जमीन हालते म्हणून घाबरून राहिल्या. पण कावून हालते, हे तं पाहा."

विचारलं नाही, सवरलं नाही. दिवाणावरच्या माझ्या दोन गोधड्या घेतल्या आणि एक दुसरीखाली सरकवायला लागले. वरच्या गोधडीच्या कडेवर पाण्याचा पेला ठेवला.

"ही खालची म्हणजे समुद्राचा तळ. जपानखाली घुसून राहिला, नखं वाढतात तसा हळूहळू. घुसता घुसता अडकते. वरची कड त्याच्यासंग दबत जाते. अन् एक दिवस सुटते!"

कड उसळली, पेला उपडा, माझी गादी ओली.

"हा भूकंप. सांडलं ते त्सुनामी. तळासंग पाणी खोल जाते, त्यानं खडक वितळते, तो वर येते तो ज्वालामुखी. एकाच घुसण्याची तीन लेकरं."

"मग पाठवूच कशाला? आपल्या अकोल्यात काय वाईट आहे?"

"आपण आपल्या गोधडीच्या मधात बसलो, जपानवाले काठावर. पण तयारीनं राहतात. पोरीची तयारी आहे का, तेवढं पाहू." आणि पल्लवीला तिथेच उभं केलं. "समुद्राकाठी आहेस. जोराचा धक्का बसला. काय करशील?"

"टेबलाखाली. थांबलं की उंचावर."

"लाट येऊन गेली तं?"

"घरी जाऊन पासपोर्ट घेईन."

"नापास! दुसरी लाट पहिलीहून मोठी राहू शकते."

मी खूश व्हायला हवं होतं. पण माझी मुलगी नापास? कॉलेजात पहिली आलेली मुलगी, आणि भूगोलात नापास? आठ दिवस मी तिला घेऊन बसले. भाजी निवडताना प्रश्न. कपडे वाळत घालताना प्रश्न. चुकली की पुन्हा. नवव्या दिवशी मीच तिला सरांसमोर नेलं. एक उत्तर चुकलं नाही.

सर माझ्याकडे वळले. "पोरगी पास. आता बोला ताई, जाऊ द्याचं का?"

आठ दिवस तिची जाण्याची तयारी मीच करून घेतली होती. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? हसा, हसा. तुमच्यापैकी कितीजणांना सरांनी असंच गुंडाळलं आहे, मला माहीत आहे.

पल्लवी गेली. तिथे धक्के बसतात, ती फोन करते, मी घाबरते. शेवटच्या आजारात सर म्हणाले, "पोरीले पाठवलं. तुम्ही कवा जाता?" मी म्हटलं, बघू. मी कुणाला कधी 'बघू' म्हणत नाही. सर नुसते हसले.

काल मी तिकीट काढलं. पुढच्या महिन्यात जाते आहे. भीती वाटते, तरी जाते आहे. गवई वहिनी, हे सरांना सांगायला मला चार दिवस उशीर झाला. म्हणून इथे, सगळ्यांदेखत सांगते.

सर, नमस्कार.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही.