धुऱ्यावरची झाडे

आदरणीय काकू, सरांचे सहकारी, आणि पांढुर्णा, लोधीखेडा, सावरगावहून आज सरांच्या शोकसभेला सौंसरला आलेले सर्व विद्यार्थी मित्रहो,

बोलणे कठीण आहे. दुःख आहेच, पण आणखीही एक कारण आहे. माझ्या आधी बोललेल्या प्रत्येकाने सोमकुवर सरांना मायाळू म्हटले. सभागृहाने माना डोलावल्या. आणि मला सतत वाटत राहिले, सर त्या मागच्या खुर्चीवर बसलेले असते तर त्यांनी हात वर करून विचारले असते, "नमुना कसा घेतला?"

सर कॉलेजात सांख्यिकी शिकवत. मी त्यांचा बी.कॉम.चा विद्यार्थी, आज पांढुर्ण्यात हिशेब तपासणीचे काम करतो. सगळी बिले कोणीच तपासत नाही. काही उचलायची, आणि त्यांवरून उरलेल्यांविषयी बोलायचे. कोणती उचलायची, हे मला सरांनी शिकवले. वर्गात नाही. संत्र्याच्या बगिच्यात.

लोधीखेड्याच्या वाटेवरचा तो बगीचा एका वर्गमित्राच्या वडिलांचा होता. काम सोपे होते. काही झाडांची फळे मोजायची आणि साऱ्या बगिच्याचा अंदाज सांगायचा. आदल्याच दिवशी झाडांना पाणी देऊन ओलीत झालेले. आम्ही धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेकडेने फिरलो, भरलेली झाडे मोजली आणि मोठ्या ऐटीत आकडा घेऊन आलो.

"कोणते झाडं मोजले रे?"

"सर, हे धुऱ्यावरचे."

"काऊन? आतमध्ये वाघ बसला होता का?"

"चिखल होता, सर."

"मंग चिखलातलं झाड बगिच्यात धरत नाहीत का?"

सरांनी प्रत्येक झाडाला क्रमांक दिला, चिठ्ठ्या केल्या, धान्य मापायच्या पायलीत टाकल्या. ज्याची चिठ्ठी निघेल, त्या झाडापाशी जायचे. चपला हातात घेऊन आम्ही आत गेलो. आत डिंक्या रोगाने वाळलेली झाडे होती. धुऱ्यावरून ती दिसत नव्हती. दुसरा अंदाज पहिल्याच्या पुष्कळ खाली आला. मित्राचे वडील म्हणाले, "सर, या पोराहिले धुऱ्यावरच राहू द्या. मले त्याहिचाच अंदाज आवडला!" सगळे हसलो. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "नजरेसमोर जे येते, ते नमुना नसते. आणि अंदाज सांगाल, तेव्हा तो किती चुकू शकतो हेही सांगा. नाही तर सांगू नका."

मित्रहो, आता आपल्याकडे पाहा. आज इथे कोण आले आहे? ज्यांना यावेसे वाटले, ते. आपण धुऱ्यावरची झाडे आहोत.

हे माझ्या आधी काकूंच्या, सरांच्या पत्नींच्या, लक्षात आले. सर गेल्यानंतर घरी रीघ लागली होती. मीही बसलो होतो. चहाचा कप माझ्या हाती देताना काकू हळूच म्हणाल्या, "भाऊ, येणारे सारेच चांगलं बोलून राहिले. जे नाही आले, त्याहिले कोणी इचारलं का?"

मी म्हटले, काकू, आता हे कशाला?

"कशाला म्हणजे? तुमच्या सरांच्या पेपरात लेकरं नापास होत. काहीहिनं कॉलेज सोडलं. कोणाचं वाटोळं तं नाही केलं ना त्याहिनं? इतके वर्षं मी हे मनात धरून हाओ. तुम्ही पाहून या. अन् जे निघन ते सांगा. गोड करून नोका सांगू."

मग मी सरांच्याच पद्धतीने गेलो. कॉलेजातून जुन्या तुकड्यांची नावे घेतली. घरी भेटून गेलेले वगळले. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या केल्या. पास-नापास वेगळे केले नाही. सगळे एकाच पायलीत. चिठ्ठ्या काकूंनी स्वतः काढल्या, डोळे मिटून.

एकजण सापडला नाही. त्याच्या जागी त्याचा ओळखीचा मित्र घ्यावा, असा मोह झाला. घेतला नाही. सर म्हणत, न सापडलेल्याच्या जागी शेजारचा बसवू नका. सापडला नाही, एवढेच सांगा. ते सांगतो आहे.

बहुतेकांना सर जेमतेम आठवले. सावरगावच्या एका दुकानदाराने विचारले, "आकडेवाले सर? चश्मा होता का त्याहिले?" चष्मा नव्हता.

आणि इथेच सौंसरला एक बाई भेटल्या. त्या सरांच्या पेपरात नापास झाल्या होत्या. तिथेच त्यांचे शिक्षण सुटले. त्यांनी मला बसायला सांगितले नाही. "मी सभेले येत नाही," म्हणाल्या. मी विचारले, सरांनी तुमच्यावर अन्याय केला का? त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "अन्याय नाही केला. दुसऱ्याले पास केलं अन् मले पाडलं, असं नाही झालं. पण निकाल लागला तवा मी त्याहिच्या दारापाशी उभी होती. दोन शब्द थांबून बोलले असते, तं मी पुन्हा पेपर दिला असता. सांगा तिथं. माह्यं नाव नोका घेऊ, पण सांगा."

सांगितले.

एवढ्या थोड्या चिठ्ठ्यांवरून ठाम विधान होत नाही. जे म्हणता येते ते एवढेच: सर न्यायी असावेत. ते मायाळू होते, असे या नमुन्यावरून म्हणता येत नाही. यात माझी चूक असू शकते. सरांच्या शिकवणीप्रमाणे ती शक्यता सांगून ठेवतो.

काल संध्याकाळी हे सारे मी काकूंपुढे ठेवले. ही गोष्ट सभेत बोलू का, असेही विचारले. त्या पायली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "थांबून बोलत नव्हते. घरीही नाही. लेकीच्या पाठवणीलेही नाही." मग त्यांचा चेहरा सैल झाला. सर गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. "सांगा, भाऊ. हे तेच हायेत. इतके दिवस मले वाटून राहिलं होतं, का लोक दुसऱ्याच कोणासाठी रडून राहिले."

काकू, तुम्ही विचारले नसते, तर मी आज इथे धुऱ्यावरचाच आकडा वाचला असता.

आता आपण सर्व उभे राहू या. दोन मिनिटे शांत राहू. सरांसाठी, आणि जे आले नाहीत, ज्यांना आठवत नाही, जी बाई त्या दारापाशी उभी होती, त्यांच्यासाठीही. कारण सर त्यांचेही होते.

सर, आत जाऊन आलो. जय भीम.