नेल दगड होते तेव्हा

— तोंड कशाला वाकडं करतेस, चहाच आहे — बरं बरं, मीठ घातलंय, थोडंच घातलंय. अगं, या घरात पहिल्यांदा येणाऱ्याला — दुसऱ्यांदा आलीस? मग तर तुला कळायलाच हवं होतं. ओत तो मोरीत, दुसरा टाकतो. जरा जपून हं, नेल आडवी आहे तिथं, चुलीला चिकटून. शेपूट हलवली बघ, ओळखलं तुला. तूच आणलीस ना तिला, थंडीच्या आधी, तुमच्या त्या टाकलेल्या कुत्र्यांच्या संस्थेतून. काय होती तेव्हा — मांड्यांवर केस नाहीत, दात किडलेले, बरगड्यांचा नुसता सापळा. सगळ्या टिपररी परगण्यात शर्यतीला अशी पळणारी ग्रेहाउंड नव्हती म्हणतात, आणि पाय मोडला तशी मालकानं शेडात टाकली नि विसरला. आता हात फिरव. फिरव की. लोणी आहे लोणी. सकाळचं अंडं ती खाते, मी नुसता पाव खातो.

फिरायला? जाते की. म्हणजे — पहिला महिना मला वाटलं, खुळीच दिलीय मला. गल्लीतनं निघायचं, चर्चच्या भिंतीपाशी यायचं, आणि उभी. दगड. ओढा, गोंजारा, सॉसेज नाकाशी धरा, डोळासुद्धा हलत नाही. मी आपला दोरी धरून उभा. पबमधनं सगळे बाहेर यायचे बघायला. तो लोर्कन खाटीक — त्याची सायकल मी एकदा पबच्या छपरावर चढवली होती, फादरसकट सगळा गाव हसला होता — तो मला विचारतो, काय फिंटन, बस चुकली का? मला विचारतो, मला. मग एक दिवस उभ्या उभ्या डोक्यात आलं. शर्यतीच्या मैदानात आपण काय बघतो? शर्यत जिथनं सुटते त्या पिंजऱ्यात कुत्र्याला कुणी पुढून ओढतं का? माणूस मागं जातो, ढुंगणाला हात लावतो, गुडघ्यानं हलकं रेटतो, की गेलं आत. हिला जन्मात पुढून कुणी बोलावलंच नाही, तर ही येणार कशी? गेलो मागं, ठेवला हात, म्हटलं, "आत चल, बाई." चालली की गं. टुकूटुकू चालली. लोर्कनचं तोंड बघायला हवं होतंस.

एकटा कसा? जमतं की एकट्याला. आणि गाव आहे ना. त्या दिवशीसुद्धा ही अशी रस्त्यात उभी होती म्हणून तर टपालवाल्या डिम्प्नानं गाडी थांबवली, नाहीतर मी खाली चरात कुणाला दिसणार होतो — कुठला चर? मी चर म्हटलं? तुझा चहा उकळतोय बघ.

पडलो. म्हाताऱ्या माणसानं पडू नये का? रस्ता काचेसारखा झालेला थंडीनं. हिच्या अंगावर — अंगावर काही नव्हतं. आमच्या हिचं, मॉराचं, लाल स्वेटर घालतो मी तिला, ते वाळत होतं. म्हटलं, कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय. ते पेन ठेव ना खाली. दुसरं कुत्रं असतं तर भुंकून गाव गोळा केलं असतं. ही उभी. लटलट कापतेय आणि उभी. मी खालनं सांगतोय, घरी जा नेल, घरी जा गं — जाईल कशी? मागून हात लावायला मी कुठं होतो? लोक म्हणतात, तुझ्यासाठी थांबली. माझ्यासाठी कसली, तिला हलताच येत नव्हतं. डिम्प्ना आली तोवर तिचे पाय गारठून लाकूड झाले होते. डिम्प्नानं आधी तिला गाडीत घातलं, मग मला. बरोबर केलं. डॉक्टर म्हणाला, अजून थोडा वेळ असती तर — कुत्र्यांचा डॉक्टर. माझ्याकडे मी गेलोच नाही.

हो, एकदाच. घरातल्या घरात पडलेलं कुणी धरतं का?

उठलीस कशाला? या चहात मीठ नाहीये, आईशपथ. घे, पिऊन बघ. मला कळतंय गं, तुझं काही चुकत नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही — नाही. मी तिला परत नसती नेली. पुढची थंडी येईपर्यंत तरी नसती नेली.

बरं, घाल दोरी. ओढ. ओढ बघू. हं — दगड. सांगितलं ना. सॉसेज हवं तर फळीवर आहे, दाखवून बघ. ही काही जायची नाही आज. बस आता, बस —

मागं कुठं चाललीस? अगं, तसं नाही, मी नुसती गंमत सांगत होतो — गुडघा नको लावू —

चालली.

स्वेटर घे तिचं, खुंटीवर आहे. वरचं बटण लावू नको, तिला टोचतं. वळून बघतेय का ती? — नको, सांगू नको. जा. आणि दार नीट लाव, ऊब जाते.