हलक्या गाडीत लपत नाही

(सन १९५६. दुपारची वेळ. मुंबईच्या रस्त्याने चिंचवडकडे निघालेली दोन सीटांची, बिनटपाची बुटकी मोटार. इंदुताई चालवताहेत. शेजारी कोंडाजी, बारा वर्षं त्यांच्या घरचे ड्रायव्हर. दोघं पुण्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परतताहेत.)

कोंडाजी : खडकी मागं पडली, बाईसाहेब, तरी तुमी तीस मैलाच्या वर गेला न्हाई.

इंदुताई : रस्त्याला गर्दी आहे.

कोंडाजी : कसली गर्दी? मगाधरनं एक लॉरी अन् दोन बैलगाड्या ऐकल्या मी.

इंदुताई : निवांत बसा हो. आज तुम्ही ड्रायव्हर नाही.

कोंडाजी : ते खरं. पण हिला रेंगाळणं मानवत न्हाई. साहेबांची मोठी गाडी कशीबी हाका, ती आपली म्हशीवानी जाती. ही तसली न्हवं. खडा आला तर पाठीच्या मणक्याला कळतं, कुठल्या चाकाखाली आला त्यो.

इंदुताई : स्टिअरिंग अंडं धरल्यासारखं धरा, असं शिकवलं होतंत मला.

कोंडाजी : मग आज का आवळलंय?

इंदुताई : कोण म्हणतं?

कोंडाजी : गाडीच. नाक घडीत इकडं, घडीत तिकडं. हलक्या गाडीत हाताचं लपत न्हाई. मला भाईर बसवून डॉक्टर तुमास्नी काय बोलले?

इंदुताई : थेंब चालू ठेवा म्हणाले.

कोंडाजी : त्याला एवढा येळ?

इंदुताई : रांग मोठी होती.

कोंडाजी : पिंपरीचा औषधाचा कारखाना आला, वास येतोय. घर यायच्या आत सांगा. घरची दारातच बसली असंल.

इंदुताई : काचबिंदू आहे तुम्हाला. डावा डोळा तर गेलाच. उजवाही फार तर दिवाळीपर्यंत. ऑपरेशनचा उपयोग नाही. मुंबईला नेलंत तरी हेच सांगतील, म्हणाले. मी दोनदा विचारलं, कोंडाजी.

कोंडाजी : गियर खाली घ्या. इंजिन कण्हतंय.

इंदुताई : साहेबांशी बोलते मी. त्यांच्या वर्कशॉपात काहीतरी काम...

कोंडाजी : आंधळ्याच्या हाती पाना कोण देतंय? नका बोलू. गियर घ्या.

इंदुताई : मला समोरचं नीट दिसत नाहीये.

कोंडाजी : डोळं पुसा. एका हातानं सरळ ऱ्हाती ती. पुसलं? आता दाबा. अजून. पन्नास झाले?

इंदुताई : पंचावन्न.

कोंडाजी : स्टिअरिंग हलकं लागतंय का? भिऊ नका, तिचं असंच हाय. समोरनं लॉरी येतीया, तिचा वारा हिला ढकलंल. वाऱ्याशी भांडायचं न्हाई. वीतभर जाऊ द्या, आपसूक परत येती.

इंदुताई : गेली लॉरी. आता वळण आहे.

कोंडाजी : ब्रेक आत्ता. वळणात पाय लावला तर शेपूट सुटंल. मनगट थोडं... बास. आता द्या पेट्रोल. मागची चाकं कशी धरून आली, कंबरेत कळलं?

इंदुताई : कळलं.

कोंडाजी : मलाबी कळलं. वळण काय दिसलं न्हाई मला.

इंदुताई : चिंचवडचा फाटा आला. वळू ना?

कोंडाजी : घरी तुमी सांगाल?

इंदुताई : तुमच्या पुतळाबाईंच्या तोंडाकडं बघून? माझ्याच्यानं नाही व्हायचं.

कोंडाजी : माझ्याच्यानंबी न्हाई.

इंदुताई : मग?

कोंडाजी : जाऊ द्या फाटा.

इंदुताई : गेला. कुठवर जायचं?

कोंडाजी : देहूरोडपातुर रस्ता चांगला हाय.

इंदुताई : आणि तिथून?

कोंडाजी : तिथनं काय, माघारीच वळायचं.