एका पंपात दोन औषधं

धुळ्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबरची वाट बघत शेजारच्या बाकावर एरंडोलकडचे बहीणभाऊ बोलत होते.

"तोताराम, ठोक्यांच्या गोळीबरोबर झोपेचीही गोळी घेतोस, हे डॉक्टरांना सांगशील ना?"

"त्यांना कशाला, अक्का? झोपेची गोळी त्यांनी थोडीच दिली? ती आपल्या सुमनच्या सासूची आहे."

"ती म्हातारी तर दिवाळीतच गेली ना रे?"

"म्हणून तर उरल्या. चांगल्या गोळ्या वाया कशाला घालवायच्या?"

"पण दोन्ही एकत्र चालतात का, कोणाला विचारलंस?"

"पोटात गेल्यावर कोण कोणाला ओळखतंय?"

"वा रे शहाण्या! कपाशीवर फवारायला दोन औषधं एका पंपात टाकायची, तर दुकानदाराला तीन-तीनदा विचारतोस."

"ते विचारावंच लागतं, अक्का. सगळं बठ्ठं पीक जळालं म्हणजे?"