‘नक्की’ न म्हणणारी सुमनआत्या

सुमनआत्याच्या शोकसभेला जमलेल्या सर्वांना नमस्कार. नरखेडकडून सकाळची एसटी धरून आलेले बागायतदार, आत्याचे कॉलेजचे विद्यार्थी, शेजारी. मला सभेत बोलायची सवय नाही. म्हणून लिहून आणलंय.

दम्यामुळे मी पाचवीपर्यंत शाळेत गेले नाही. सुमनआत्यानंच मला स्वयंपाकघरात शिकवलं. परातीत पाणी, पाण्यावर चिमूटभर हळद, समोर टेबलफॅन. पंखा लावला की हळद पलीकडच्या काठाला जमायची. बंद केला की परत पसरायची. ती म्हणायची, प्रशांत महासागरात असंच होतं. वारा गरम पाणी पश्चिमेला लोटतो. वारा मंदावला की ते पाणी मागे सरकतं, ढग त्याच्यामागे जातात, आणि वारा आणखी मंदावतो. मी विचारलं, आधी कोण बिघडतं, वारा की पाणी? ती म्हणाली, दोघं एकमेकांचं ऐकतात, एकट्याला दोष देऊ नको.

मघाशी एका वक्त्यांनी सांगितलं, बाईंचा पावसाचा अंदाज कधीच चुकला नाही. माफ करा. चुकला होता.

त्या वर्षी प्रशांत महासागर तापला होता, आणि तो तापला की आपल्याकडे बहुधा पाऊस कमी पडतो. मृग बहरासाठी, म्हणजे मृगाच्या पावसानं झाडं फुलावीत म्हणून, तुम्ही बागायतदारांनी संत्र्याचं पाणी तोडून झाडं ताणावर ठेवली होती. आत्या म्हणाली, पाऊस कमी पडण्याची शक्यता जास्त आहे. तिचं ऐकून काहींनी पावसाआधीच ताण मोडला, झाडांना पाणी दिलं. आणि पाऊस चांगला झाला. शेजारच्या बागा फुलल्या, तिचं ऐकणाऱ्यांच्या नाही.

आत्या स्वतः तुमच्या गावात गेली. मी सोबत होते. पारावर उभी राहून तिनं सांगितलं की आपल्या हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग तापला होता, त्यानं आपल्याकडे पाऊस लोटला. ‘मी एकच समुद्र पाहिला. चूक माझी आहे.’

भाऊरावकाका, तुम्हीच विचारलं होतं ना? ‘मंग पुढं तुमचं काहून ऐकावं, बाई?’

‘पुढच्या खेपेले दोन्ही समुद्र पाहून सांगीन म्हणून. तरी नक्की नाही सांगणार गा, भाऊ. समुद्र काही मले फोन करून राहिला नाही.’

लोक हसले. काही हसले नाहीत. त्यांचं नुकसान खरं होतं, आणि तिनं ते कधी लहान केलं नाही.

आज बाहेर चपला काढताना मला दोघांनी सांगितलं, पोरी, आता आत्याच्या जागी पावसाचं तू सांगत जा, पण जरा ठाम सांग. मोबाईलवरचे लोक कसे छातीठोक सांगतात.

नाही सांगणार. मला भीती वाटते, हे खरं आहे. उद्या माझं चुकेल, तुम्ही मला बोलाल. बोला. पण समुद्राला जे अजून ठरवता आलेलं नाही, ते मी ठरलंय म्हणून सांगायचं? कोणाच्या बागेच्या जिवावर?

यंदाही प्रशांत महासागर तापतो आहे. हिंदी महासागराचा कल अजून स्पष्ट नाही. पाऊस कमी पडण्याची शक्यता जास्त आहे, खात्री नाही. सगळी बाग एकट्या मृग बहरावर ठेवू नका. एवढंच मला कळतं, आणि एवढंच मी सांगणार.

आता आपण उभे राहू या. ज्यांचा आत्यावर राग आहे त्यांनीही. राग सोडायची गरज नाही, तो घेऊनच उभे राहा. तिनं तुमच्यासमोर मान खाली घातली होती, पाठ फिरवली नव्हती.

दोन मिनिटं शांत राहू या.