विहिरीत भरलेली कॅसेट

हसू नका लेको, आमच्या बँडच्या पहिल्या कॅसेटचं सांगतोय. स्टुडिओ कुठला परवडतोय! पहिली बाजू आमी कोऱ्हाळ्यात, तात्यांच्या कोरड्या विहिरीत उतरून भरली. आवाज काय घुमायचा! गाण्यांमागं बाईसारखं काहीतरी गुणगुणत होतं, तेही आमाला घुमणंच वाटलं.

बारामतीत कॅसेट निघाली. पहिली तात्यांना दिली. ऐकता ऐकता ते एकदम ताठ झाले.

“ही आमची सुमी हाय.”

सुमी त्यांची लेक. विहिरीला पाणी होतं तेव्हा त्यातच बुडून गेलेली.

“दुसऱ्या बाजूला बी हाय का रं ती?”

“न्हाय तात्या, ती बाजू इंदापुरात भरली, माझ्या खोलीवर. आमी चौघंच होतो.”

तात्यांनी कॅसेट उलटी घातली.

होती. आता तिला शब्दही पाठ झाले होते.